ढकललं की सरकणारा रोबोट

आज लॅबमधे सरांनी स्कारा रोबोट (कारखान्यात सुटे भाग जोडणारा यांत्रिक हात) दाखवला आणि खरं सांगू, व्हिडिओत बघणं वेगळं न समोर बघणं वेगळं. मोटर बंद असताना हात आडवा ढकलला की दारासारखा सरकतो, पण वरून कितीही दाबा, ढिम्म हलत नाही! आणि हीच तर खरी गंमत, भोकात पिन बसवताना ती केसभर बाजूला पडली तरी कडेच्या उतारावरून हात स्वतःच थोडा सरकतो न पिन बरोब्बर आत, त्यासाठी वेगळा सेन्सर वगैरे काही नाही. हे डोकं जपानच्या यामानाशी विद्यापीठातल्या प्रा. हिरोशी माकिनो यांचं, १९७८ ला प्रोटोटाइप आणि १९८१ मधे बाजारात पण आला, कारण त्यांनी सुरुवातीपासूनच कंपन्यांना सोबत घेतलं होतं. प्रोफेसरांचं संशोधन म्हणजे पेपर छापा न कपाटात ठेवा असं म्हणणारे (आमच्या बॅचला ढीगभर आहेत) त्यांनी हे वाचा जरा. सरांचं म्हणणं, लोक सहा जॉइंटवाल्या हातांवर भाळतात पण इलेक्ट्रॉनिक्सच्या असेंब्लीत अजूनही हा चार अक्षवालाच धावतो. मला तर पटलं बुवा. उद्या कायनेमॅटिक्सचं सबमिशन आहे आणि मी ते सोडून हेच वाचत बसलोय 😅