हळदीचा हात

परवा बस स्टॉपजवळच्या पानटपरीवर बारावीतले दोन पोट्टे बाकावर बसले होते, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर, एकाच मोबाईलमध्ये दोघं क्रिकेट बघत होते. खर्रा घोटत उभा असलेला एक जण मोठ्यानं बोलला, "काय बे, लगन लावून देऊ का तुमचं?" सगळे हसले. पोट्टेही हसले, पण हात लगेच खाली आला आणि दोघांच्या मधे एक माणूस बसेल एवढी जागा झाली. ती जागा दोन दिवस झाले डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कापसाचं. माझे वडील आणि त्यांचे सोबती दर बाजाराला करंगळीत करंगळी अडकवून जायचे आणि तसेच परत यायचे, कोणी वळूनसुद्धा पाहायचं नाही. आम्ही पोट्टे रानडुकरांपायी जागलीला वावरात जायचो तेव्हा मचाणावर एकाच वाकळीत तिघं तिघं झोपायचो, थंडी वाजली की एकमेकांना चिकटून. दसऱ्याला सोनं द्यायचं आणि छातीशी धरायचं, वारीत तर पांढऱ्या मिशांचे म्हातारे हात धरून फुगडी खेळतात आणि एकमेकांच्या पाया पडतात. हे सगळं आमचंच आहे ना, बाहेरून कुठून आलेलं नाही.

पण तेव्हाचं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. ज्याला खरंच पुरुषावर प्रेम होतं त्याला तेव्हाही तोंड उघडायची सोय नव्हती, घरचे लग्न लावून मोकळे व्हायचे आणि मग त्याचा आणि त्या बिचारीचा, दोघांचाही जन्म घुसमटीत जायचा. आणि कायदाही होताच की डोक्यावर, इंग्रजांनी 1860 मध्ये केलेला, कलम 377.

6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीनं असलेलं नातं हा गुन्हा नाही. मला ते तेव्हाही बरोबर वाटलं, आजही वाटतं. टपरीवर मात्र त्याच दिवशी टिंगल सुरू झाली, मग मोबाईलवर व्हिडिओ फिरले, आणि 'गे' हा शब्द आमच्याकडे शिवी होऊनच आला. म्हणजे कोर्टानं ज्यांची भीती काढली त्यांना गावानं ती परत दिली आणि वरून बाकीच्यांनाही वाटली. गावातलाच एक पोरगा आहे, पुण्याला नोकरीला असतो, दोन वर्षांपूर्वी त्यानं मला स्वतःबद्दल सांगितलं. म्हणाला, "दादा, गावात आलो की मी कोनाच्या खांद्यावर हात टाकत नाई, मले भेव वाटते." आणि टपरीवरचे ते दोन पोट्टे, ते कोण आहेत काय आहेत मला माहीत नाही आणि विचारायचं कारणही नाही, पण भेव तेच.

याची किंमत काय असते ते मी पाहिलंय. 2017 ला बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली, वरून हिरवीगार बोंडं आणि फोडली की आत अळी. माझ्या लहानपणच्या सोबत्याचं त्या साली जवळजवळ सगळं गेलं. तो रोज संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसायचा, मी भाव विचारायचो, पंचनामा झाला का विचारायचो, तो हो नाही करायचा आणि जायचा. सहा सहा महिने असंच. ज्याच्यासोबत एका वाकळीत झोपलो त्याच्या पाठीवर हात ठेवायला मला लाज वाटत होती, आणि आमच्याकडे माणूस माणसाला कवटाळतो ते एकतर दारू पिऊन नाहीतर मयतीत.

कोर्टाच्या निकालानंतर दोनच दिवसांनी खांदशेकणी होती, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायचे असतात ती; पोळा रविवारी 9 तारखेला आला होता. मी त्याच्या गोठ्यात गेलो. वर्षभर जू वाहिलेला बैलाचा खांदा, त्यावर तो पळसाच्या पानानं हळद आणि तूप लावत होता, कोमट कोमट, अगदी हळू, आणि बैलाशी बोलत होता. म्हणाला, "लय वढलं बाप्पा तू, दुखलं असन." मग बैलांना नेहमीचं म्हणाला, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. मी दुसऱ्या बैलाला हळद लावत होतो. ते ऐकून काय झालं माहीत नाही, मी तसाच माखलेला हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि ठेवूनच दिला.

त्यानं मागं वळून नाही पाहिलं. "अबे, सदरा पिवया केला ना," एवढंच बोलला. मग तिथंच गव्हाणीला टेकून खाली बसला, मीही बसलो, आणि सावकाराचं, बायकोच्या मंगळसूत्राचं, बांधावर एकटा बसून काय काय मनात आलं होतं त्याचं, सगळं सांगितलं त्यानं. वहिनी दोनदा जेवायला बोलावून गेल्या. आम्ही उठलो तेव्हा बैल बसलेले होते.