मोत्याच्या मानेवरचा हात

मालवण बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे, आधी बाबांचा होता. पासपोर्ट फोटो, लग्न, बारसं हे चालूच असतं, पण गेलं वर्षभर एक नवीन काम यायला लागलंय, घरातल्या गेलेल्या कुत्र्यामांजरांचे फोटो एआयने हलते करून द्यायचे. गेलेल्या माणसाचे फोटो घरात दहा असतात, कुत्र्याचा बहुतेक एकच, तोही कुणाच्यातरी वाढदिवसात कोपऱ्यात आलेला. तो पाच सेकंद जरी हलला तरी माणसं काउंटरवर उभ्या उभ्या रडतात. मी बघितलंय म्हणून सांगतो, आणि म्हणूनच हे काम मी घाईत उरकत नाही.

जुलै महिना होता. मासेमारी बंद, 1 जून ते 31 जुलै, सगळ्या बोटी किनाऱ्यावर नारळाच्या झापांखाली, आणि पाऊस असा की दुपारी तीन वाजता ट्यूबलाईट लावलेली. दांडीवरच्या, म्हणजे इथल्याच किनाऱ्यावरच्या, एक काकी आल्या. छत्री बाहेर ठेवली, पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात अजून एक पिशवी, त्यात रुमाल आणि रुमालात फोटो.

"झिला, मोत्याक हलवशीत काय रे? चेडवान सांगल्यान तू करतस म्हणान."

रोलच्या जमान्यातला फोटो, चार बाय सहा इंचाची प्रिंट. वाळूत बसलेला तांबूस कुत्रा, मागे रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, आणि डावीकडून फ्रेममध्ये आलेला एक पुरुषाचा हात, कुत्र्याच्या मानेवर ठेवलेला. माणूस फ्रेमच्या बाहेर, फक्त हात आणि गुडघा. काकींचे यजमान. ते जाऊन आठ वर्षं झाली, आणि मोत्या त्यांच्यानंतर दोन पावसाळे काढून गेला. आपल्याकडच्या हवेने प्रिंटला बुरशी धरलेली, मोत्याच्या नाकाजवळ पांढरे ठिपके.

मोबाईलने प्रिंटचा फोटो काढला तर चकाकी येते, म्हणून मी नेहमी स्कॅनरच वापरतो. 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) स्कॅन केलं, म्हणजे 2400 बाय 3600 पिक्सेल, आणि आधी फोटोशॉपमध्ये बुरशीचे ठिपके काढत बसलो, कारण ते तसेच ठेवले तर मशीन त्यांना कुत्र्याच्या अंगावरचे डाग समजतं आणि कुत्रा हलला की ते पण हलतात. एकदा एका मांजरीच्या बाबतीत हे झालेलं, तेव्हापासून चुकवत नाही. मग एआयच्या टूलमध्ये टाकलं आणि लिहिलं की कुत्रा शेपटी हलवतोय आणि मान वर करून बघतोय. दोन-तीन मिनिटांत क्लिप आली आणि खरं सांगतो, मला फार आवडली. मोत्याने मान वर केली, जीभ काढली, शेपटीने वाळू उडवली, आणि हात त्याच्या मानेवरून मागे फिरला, थोपटल्यासारखा. मी स्क्रीन काकींकडे वळवली.

पहिल्यांदा त्या हसल्या. दुसऱ्यांदा क्लिप फिरली तेव्हा पुढे वाकल्या. तिसऱ्यांदा स्क्रीनवर बोट ठेवलं, कुत्र्यावर नाही, हातावर.

"ह्यो हात तेंचो न्हय."

मला कळेचना. मग म्हणाल्या, "ह्या बोट तेंका नाय होता."

त्यांच्या यजमानांचं उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट अर्ध्यावरून गेलेलं, ट्रॉलरवर खलाशी होते तेव्हा जाळं ओढायच्या विंचच्या दोरात सापडून. फोटोत ते दिसत नाही कारण बोटं मोत्याच्या केसात रुतलेली. पण हात मागे सरकला तशी बोटं केसातून बाहेर आली, आणि मशीनने तिथे पूर्ण बोट काढलं होतं, पेरासकट, नखासकट.

मी थांबवून एकेक फ्रेम बघितली. क्लिप पाच सेकंदांची, सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे एकूण 120 चित्रं. त्यातलं पहिलं काय ते काकींनी आणलेलं, बाकीची 119 मशीनने तयार केलेली. जे फोटोत दिसत नाही ते, हजारो लाखो व्हिडिओंवर शिकलेलं असतं त्या अंदाजाने भरतं. हाताला पाच बोटं असतात हे त्याला माहीत, दांडीवरच्या एका माणसाला साडेचार होती हे त्याला कोण सांगणार? हे मला आधीपासून माहीत होतं हो, शेपटी दोन व्हायची, पाय पाच व्हायचे, अशा क्लिप मी रोज फेकून देतो. पण त्या चुका डोळ्यांना दिसतात. ही दिसत नव्हती. काकी नसत्या तर मी ती क्लिप चांगली म्हणून दिली असती, आणि ह्याचंच मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

मी कॉम्प्युटर बाजूला ठेवला, चहा सांगितला आणि काकींना विचारलं, मोत्या कसा होता ते सांगा. हे खरं तर सुरुवातीलाच विचारायला हवं होतं. त्या सुरू झाल्या की थांबेचनात, रापण ओढायला लागले की तो पहिला दोर धरायला यायचा, मासा कधी चोरला नाही, दिला तरच खायचा, गाबताचो सुणो तो, म्हणे, म्हणजे मच्छीमाराचा कुत्रा. आणि शेपटी? "सगळी शेपटी हलवची सवय नाय तेका. शेंडो तेवढो."

आणि हाताचं काय करू विचारलं तर म्हणाल्या, "तेंका हलवू नको. होते तसे ऱ्हवांदेत."

मग पुन्हा बसलो. कॅमेरा स्थिर, हात स्थिर, कुत्रा फक्त श्वास घेतोय, शेपटीचं टोक हलतंय, असं लिहिलं. पहिल्यात शेपटी अख्खी हलली. दुसऱ्यात हात परत सरकला. मध्येच लाईट गेली, इन्व्हर्टरवर काम, नेट रांगत होतं, काकी बाकावर बसून पाऊस बघत होत्या, घाई कर असं एकदाही म्हणाल्या नाहीत. सहाव्या क्लिपमध्ये शेपटीचा शेंडा बरोबर जमला, पण हाताची बोटं किंचित वळवळत होतीच. तेव्हा ती क्लिप एडिटिंगमध्ये घेतली आणि वरच्या लेयरला मूळ स्कॅन ठेवला, फक्त हाताएवढा भाग दिसेल असा मास्क कापून, कडा मऊ करून. कॅमेरा हलत नव्हता म्हणून हे जमलं. हात आता पूर्ण त्या जुन्या फोटोतलाच, त्याचा एक पिक्सेलही मशीनचा नाही, आणि त्या हाताखाली मोत्याची पाठ श्वासाने वरखाली होतेय.

टूलने भुंकण्याचा आवाजपण घातलेला, तो मी काढून टाकला.

काकींनी क्लिप बघितली. शेंडा तीनदा हलतो आणि थांबतो. त्या काही बोलल्या नाहीत, फोन कानाजवळ नेला, आवाज नाही हे कळल्यावर परत डोळ्यासमोर धरला. किती वेळ बघत होत्या मी मोजलं नाही, मी आतल्या खोलीत जाऊन उगाच ट्रे पुसत बसलो.

रात्री मुंबईहून त्यांच्या मुलाचा फोन आला. व्हिडिओ मस्त झालाय म्हणाला आणि लगेच बाबांचा पासपोर्ट साईज फोटो पाठवला, हे कॅमेऱ्याकडे बघून हसतायत आणि हात हलवतायत असं करून द्या, आईला गणपतीत सरप्राईज देतो. त्याचंही बरोबरच आहे, त्याला बाप हवाय. मी म्हटलं, आधी आईला विचार, आणि तिने हो म्हटलं तर बाबा हसायचे कसे ते मला नीट सांग, दात दिसायचे का, मान कुठे कलायची. तो गप्प झाला. मग म्हणाला, सांगतो.

चार दिवसांनी काकी मूळ फोटो न्यायला आल्या. लॅमिनेट करून दे म्हणत होत्या, मी नको म्हटलं, आत ओल राहिली तर ती तिथेच कोंडते आणि प्लास्टिक परत काढता येत नाही. काच आणि फोटोमध्ये थोडी फट राहील अशी फ्रेम करून दिली आणि पलंगाजवळच्या ओल्या भिंतीवर लावू नका, आतल्या भिंतीवर लावा म्हणून दोनदा सांगितलं. मुलाने बाबांच्या फोटोचं विचारलं का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही काढलं नाही. फ्रेम परत दोन पिशव्यांत घातली, रुमालात आधी, आणि छत्री उघडून गेल्या.