आमची वाटचाल : उडवायची गाडी, पळवायची गाडी

वर्कशॉपमध्ये नवीन माणूस आला की आम्ही आधी एकच विचारतो : गाडी उडवायची आहे की पळवायची? समोरचा बहुतेक वेळा म्हणतो, ‘दोन्ही.’ मग त्याच्यासाठी खुर्ची ओढतो, कारण बोलणं लांबणार असतं. रिमोटवर चालणारे ऑफ-रोड ट्रक विकणं हा आमच्या धंद्याचा छोटा भाग आहे. मोठा भाग म्हणजे तोच ट्रक त्या माणसाच्या वापराला बसवून देणं. पाटीवर आज ‘सेटअप’ हा शब्द ‘विक्री’च्या वर आहे. सुरुवातीला तो पाटीवर नव्हताच.

सुरुवात झाली ती सुट्या भागांपासून. तेव्हा २७ मेगाहर्ट्झचे रिमोट असायचे, त्यात चॅनेल ठरवणारा क्रिस्टल नावाचा छोटा तुकडा लावावा लागायचा. एकाच चॅनेलवर दोघांनी रिमोट चालू केले की गाडी कोणाचं ऐकेल याचा भरवसा नसे. मैदानावर ओळख व्हायची तीच मुळी ‘तुमचं क्रिस्टल कोणतं?’ या प्रश्नानं. टकरी व्हायच्या, चाकाला धरणारे आर्म मोडायचे, बॉडी क्लिप हरवायच्या, आणि आमचा गल्ला चालायचा. पुढे २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आले, रिसीव्हर आपल्याच रिमोटशी बांधलेला राहू लागला आणि ती भानगड संपली. पण त्याच सुमाराला जास्त ताकद देणाऱ्या ब्रशलेस मोटर आणि लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी हाताशी आल्या. आता भाग मोडायला दुसऱ्याच्या क्रिस्टलची गरज उरली नाही, चालवणाऱ्याचं बोट पुरेसं होतं. धंदा म्हणून आमची काही तक्रार नाही.

छंद तसा आमच्याहून बराच जुना. तामिया कंपनीची रफ रायडर १९७९ ची, असोसिएटेड कंपनीची आरसी१० १९८४ ची, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी १/१० (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या) ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. आमच्या दृष्टीनं मात्र वळण आणलं ते २००८ साली आलेल्या ट्रॅक्ससच्या स्लॅशनं. शॉर्ट कोर्स ट्रक, म्हणजे चारही चाकं झाकणारी रुंद बॉडी, मागे पुढे बंपर, दिसायला थेट खऱ्या शर्यतीतला. लोक नुसत्या रूपावर फिदा झाले. आणि मग एकेक जण तीच तक्रार घेऊन यायला लागला : रॅम्पवरून उडवली की नाक वर जातं, गाडी पाठीवर पडते.

दोष मोटरचा नव्हता, शॉकचाही नव्हता. बॉडी खालून उघडी असल्यामुळे उडताना हवा तिच्यात कोंडायची आणि ट्रकचं पॅराशूट व्हायचं. बॉडीच्या मागच्या भागात, टेलगेटच्या जागी, दोन्ही बाजूंना कात्रीनं खिडक्या कापून दिल्या आणि हवेला वाट मिळाली. लोकांना हे जादूसारखं वाटलं. सुटे भाग न विकता, फक्त कामाचे पैसे घेतले असं ते आमचं पहिलं काम. इथून सेटअपचं टेबल वेगळं झालं.

त्या टेबलावर शॉकचा कोपरा आमच्या ताईचा. ती भागीदार आहे, हिशेब तिच्याकडे, आणि शॉकही तिच्याकडेच, कारण दोन्हीला लागणारा धीर माझ्याकडे नाही. शॉक उघडून जुनं काळपट तेल ओतायचं, आतून पुसायचा, नवं सिलिकॉन तेल काठोकाठ भरायचं. मग शाफ्ट अगदी हळू खालीवर करायचा म्हणजे पिस्टनखाली अडकलेले बुडबुडे वर येतात. घाई केली तर बुडबुडे फुटून तेलातच विरतात आणि तेल दुधाळ दिसायला लागतं. म्हणून ताई शॉक उभा ठेवून देते आणि तेवढ्यात दुसऱ्या शॉकला हात घालते. शेवटी टोपण लावताना शाफ्ट आत दाबून जास्तीचं तेल बाहेर काढते. जोडीतले दोन शॉक समोरासमोर धरून एकमेकांवर दाबायचे, ही तिची परीक्षा. एक आधी आत गेला की दोन्ही परत उघडायचे. गिऱ्हाईक ताटकळत बसलं असलं तरी.

तेल किती घट्ट, यावर आमच्याकडे येणारा प्रत्येकजण इंटरनेटवरून एक आकडा घेऊन येतो. घट्टपणाचे ‘वेट’मधले आकडे कंपनीगणिक बदलतात, एकाचं ३५ दुसऱ्याच्या ३५ शी जुळेलच असं नाही, म्हणून आम्ही कागदावर सीएसटीच (सेंटीस्टोक्स, घट्टपणाचं ठरलेलं एकक) लिहितो. तेलाच्या जोडीला पिस्टनची भोकंही बघावी लागतात. भोकं लहान असली तर जोराच्या आदळण्यात तेल पटकन पलीकडे जाऊ शकत नाही, शॉक आवळतो आणि चॅसी जमिनीवर आपटत नाही. उड्या मारणाऱ्याला हेच हवं असतं. रेसवाल्याला मात्र ट्रॅकवरचे बारीक खड्डे गिळणारी गाडी हवी, नाहीतर चाक जमिनीवर टिकत नाही आणि वळणात पकड जाते. टेबलावरची तपासणी सोपी आहे : ट्रक सपाट धरून कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. रेसच्या सेटअपमध्ये चॅसी जमिनीला जेमतेम टेकली तर चालतं. बॅशिंगच्या, म्हणजे मजेसाठी उडवत आपटत चालवायच्या, ट्रकचा ‘धप्प’ आवाज आला तर स्प्रिंग किंवा तेल बदलायचं.

उंचीवरून तर वाद ठरलेला. बॅशिंगवाल्याला ट्रक उंच हवा असतो आणि तो शॉकवरच्या, स्प्रिंग दाबणाऱ्या प्रीलोडच्या रिंगा फिरवत सुटतो. रिंगा कितीही फिरवल्या तरी स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडी वर उचलली जाते. शेवटी शॉक पूर्ण लांब होऊन बसतो आणि चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. मग एक चाक खड्ड्यावरून गेलं की ते हवेतच. चाकाला थोडं खाली लटकायला मिळालं पाहिजे, हे आम्ही प्रत्येकाला ट्रक उचलून दाखवतो. रेसला आर्म जवळपास जमिनीला समांतर, पुढे मागे कॅम्बर (चाकाचा वरून आत कल) उणे एक ते दीड अंश, मागच्या चाकांना साधारण तीन अंश टो-इन (चाकांची पुढची बाजू आत वळलेली), इथून सुरुवात. पुढचं ट्रॅक आणि चालवणारा ठरवतो.

डिफमध्ये, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरच्या डब्यात, तेल भरणं हे आमचं सगळ्यात चिकट काम, शब्दशः. १/८ बग्गीच्या रेसमध्ये पुढे ५०००, मध्ये ७०००, मागे ३००० सीएसटी ही जुनी, भरवशाची सुरुवात, आणि ट्रगीला, म्हणजे मोठ्या चाकांच्या, ट्रकसारख्या बग्गीला, त्याहून थोडं घट्ट. बॅशिंगचं गणित निराळं असतं. पातळ तेलाचा मधला डिफ असला की थ्रॉटल दाबताच पुढची हलकी झालेली चाकं सगळी ताकद खाऊन टाकतात, फुगतात, आणि गाडी जागची हलत नाही. तिथे मधल्या डिफमध्ये लाखभर किंवा त्याहून घट्ट तेल घालतो, म्हणजे पुढची मागची चाकं जवळजवळ एकत्र फिरतात. गाडी पुढचं चाक उचलून पळते, लोक खूश. असा ट्रक कोणी रेसला आणला तर वळणात तो सरळच जातो, मग आमच्याकडेच परत येतो.

मधला डिफ नसलेल्या १/१० ट्रकमध्ये सांभाळायचा तो स्लिपर क्लच, म्हणजे झटका आला की घसरून गिअर वाचवणारा क्लच. पूर्ण आवळून ठेवणारे पुष्कळ भेटतात. उडी मारून फिरती चाकं जमिनीला लागली की तो झटका मग थेट गिअरवर. स्लिपर एवढाच सैल हवा की झटक्यात सुटताना पहिल्या हातभर अंतरात हलकी किणकिण ऐकू यावी. आणि खाली पडताना बोट थ्रॉटलवरून काढायचं. हवेत मात्र बोट कामाचं असतं : फोर-व्हील ट्रकमध्ये थ्रॉटल दिला की नाक वर, ब्रेक दाबला की नाक खाली. नव्या माणसाला हे शिकवायला आम्ही पैसे घेत नाही, कारण ते शिकेपर्यंत तो भागांचं पुरेसं बिल करतो.

बॅटरीच्या बाबतीत मी जरा कडक आहे, आणि त्यामुळे काही गिऱ्हाइकं गेलीही. पहिलाच ट्रक घेणाऱ्याला मी सहा सेलची बॅटरी देत नाही. २००० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला २००० फेरे घेणारी, मोटर चार सेलवर, म्हणजे १४.८ व्होल्टवर, हिशेबानं मिनिटाला २९,६०० फेरे घेते, आणि सहा सेलवर ४४,४००. ट्रक तोच, आर्म तेच, पण आता त्याला थांबवायला माणूस हवा. शिवाय लायपो सांभाळणं ही वेगळी शिस्त आहे. भरलेला सेल ४.२ व्होल्ट, ठेवून द्यायचा तेव्हा ३.८ च्या आसपास, आणि ३ व्होल्टच्या खाली कधीच नाही. चार्ज बॅलन्स (सगळे सेल सारखे भरणारी सोय) लावूनच, १सी ने, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेच्या आकड्याइतक्याच करंटनं, आणि समोर माणूस असताना. पाकीट फुगलं की ते पुन्हा वापरायचं नाही, मग ते काल घेतलेलं का असेना. एवढं उजळणी करून घेतल्याशिवाय चार्जर पिशवीत जात नाही.

मोटर गरम होते म्हणून पंखा मागणारे रोज येतात. आम्ही आधी पिनियन, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचं लहान गिअर, बघतो. वेगाच्या हौसेपोटी मोठं पिनियन लावलेलं असतं, वर उंच गवतात गाडी पळवलेली असते. पाच मिनिटं चालवून मोटरचं तापमान घ्यायचं. ७० अंश सेल्सियसच्या आत असेल तर ठीक, ८० च्या पुढे गेलं तर पिनियनचे एकदोन दात कमी करायचे. पंखा त्यानंतर. पिनियन बदलल्यावर स्परशी, म्हणजे पिनियन फिरवतं त्या मोठ्या गिअरशी, मेळ जमवताना मध्ये कागदाची पट्टी घालून आवळायचं. पट्टी बाहेर काढल्यावर तिच्यावर दातांच्या घड्या दिसाव्यात, पण ती फाटलेली नसावी. आणि मोटरच्या स्क्रूला निळं थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारं द्रव. धातूतल्या स्क्रूला तेवढंच, प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला नाही, ते प्लास्टिक खातं.

‘सगळे आर्म अॅल्युमिनियमचे करून द्या’ ही मागणी आली की माझी आणि ताईची नजरानजर होते. यात कमाई चांगली आहे, नाकारायला जीवावर येतं. पण नायलॉनचा आर्म धडकेत वाकतो आणि परत सरळ होतो, फार झालं तर तोच मोडतो. धातूचा आर्म वाकला की वाकलेलाच राहतो, नाहीतर सगळा मार आत बल्कहेडला, म्हणजे आर्म जिथे जोडलेला असतो त्या भागाला, देतो, आणि ते बदलायचं म्हणजे अर्धा ट्रक उघडायचा. सर्व्होचा (चाकं वळवणाऱ्या मोटरचा) हॉर्न, मोटर माउंट, चाकाचे हेक्स इथे धातू जरूर लावा. आर्मला नायलॉनच. थंडीत नायलॉन ठिसूळ होतो म्हणून काही जण आर्म पाण्यात उकळून घेतात. नायलॉन पाणी शोषतो आणि लवचीक होतो, त्यामुळे त्या उपायात तथ्य आहे.

आज प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाचा सेटअपचा कागद आमच्या फाइलमध्ये असतो. तेलं, स्प्रिंगचा रंग, पिनियनचे दात, टायर, आणि खाली पेन्सिलनं शेरा : ‘उंच उडवतो’, ‘ब्रेक उशिरा लावतो’, ‘मुलगाही चालवतो’. माणूस बदलला की शेरा बदलतो. दुरुस्तीला आलेला ट्रक उघडण्याआधी हा कागद काढतो, आणि पुष्कळदा काय मोडलं असेल ते तिथेच कळतं.

राहता राहिला तो ‘दोन्ही’ म्हणणारा. त्याला आम्ही ट्रक एकच देतो, डबे दोन. एका डब्यात रेसचे मऊ टायर, मऊ स्प्रिंग आणि मोठं पिनियन. दुसऱ्यात आतून पट्टा असलेले, फुगत न जाणारे टायर, कडक स्प्रिंग, लहान पिनियन आणि मागून जाळीची टेप व रबरी गोंद लावून मजबूत केलेली जुनी बॉडी. अदलाबदल घरी होते, एका बैठकीत. डिफ मात्र आठवड्याला उघडू नका. मधल्यात २०,००० च्या आसपासचं तेल घालून देतो, दोन्हीकडे थोडी कुरकुर होते, पण चालतं. रेसमध्ये नाव वर जायला लागलं की तो स्वतःच येऊन म्हणतो, आता दुसरा ट्रक बघू.