स्वल्पविराम ऐकू येतो

"हे कार्ड परत घ्या, ताई. माझ्या उपयोगाचं राहिलं नाही आता."

काकांनी कार्ड टेबलावर ठेवलं, बोटांनी त्याच्या कडा चाचपल्या आणि ते टेबलाच्या काठाला समांतर केलं. माझ्याकडे बघताना त्यांनी मान किंचित तिरकी केली होती. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला की माणसं अशी बघतात. समोरचं धूसर होतं, कडेचं शाबूत असतं.

मी सार्वजनिक ग्रंथालयात ई-पुस्तकं आणि ऑडिओबुकं यांच्या मदतकक्षात काम करते. या काकांना मी ओळखत होते. चाळीसेक वर्षं त्यांनी मुद्रितशोधक म्हणून प्रूफं तपासली. छापील अक्षर वाचेनासं झालं तेव्हा ग्रंथालयाची ई-पुस्तकं आणि ऑडिओबुकं घरबसल्या घेता येणारं लिबी हे अ‍ॅप त्यांच्या टॅबलेटवर मीच घालून दिलं होतं. अक्षर मोठं कसं करायचं, पार्श्वभूमी काळी कशी करायची, पुस्तकासाठी नंबर कसा लावायचा, सगळं शिकवलं होतं. त्यांनी त्याच बैठकीत एका जाडजूड कादंबरीला नंबर लावला आणि खूश होऊन गेले.

"पाच महिने वाट पाहिली," ते म्हणाले. "आठवडे कमी होताना दिसत होते. मग एक दिवस पुस्तकच यादीतून गायब. मला वाटलं, माझंच बोट कुठेतरी चुकीचं पडलं असणार."

मी टॅबलेट हातात घेतला. नंबरांची यादी खरंच रिकामी होती. मग त्यांच्या परवानगीने मेल उघडला. मुलाने काढून दिलेला पत्ता, जाहिरातींचा कप्पा, त्यात शेकडो न उघडलेले निरोप. खाली सरकत गेले तेव्हा दोन निरोप सापडले. तुमचं पुस्तक तयार आहे, असं दोन्हींत लिहिलं होतं. दोन्हींमध्ये बारा दिवसांचं अंतर होतं.

तेव्हा सगळा उलगडा झाला. लिबीत आपला नंबर आला की पुस्तक घ्यायला तीन दिवस मिळतात. पहिल्यांदा ते हुकलं तर अ‍ॅप नंबर रद्द करत नाही, सात दिवस थांबवून ठेवतं आणि पुन्हा एकदा विचारतं. दुसऱ्यांदाही तीन दिवस तसेच गेले की मात्र नंबर जातो. काकांना दोनदा हाक मारली गेली होती आणि दोन्ही वेळा ती त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. अ‍ॅप पहिल्यांदा उघडताना सूचना पाठवू का, असं टॅबलेट विचारतो. तिथे त्यांनी नको म्हटलं होतं. अनोळखी प्रश्नाला नको म्हणणं हे शहाणपणाचंच आहे. पण त्या क्षणी मी शेजारी बसले होते. नंबर कसा लावायचा ते मी शिकवलं. नंबर आल्यावर काय होतं, ते सांगितलं नाही.

मी ते त्यांना तसंच सांगितलं. चूक तुमच्या बोटाची नव्हती, माझी होती. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पुस्तक माझ्यासाठी आलं होतं?"

"दोनदा आलं होतं, काका."

आधी सूचना सुरू केल्या. मेलवर विसंबून न राहता थेट टॅबलेटच्या पडद्यावर येतील अशा, आणि फोनवरसुद्धा, कारण ही परवानगी प्रत्येक उपकरणावर वेगळी द्यावी लागते. मग नंबर पुन्हा लावला. पुढे छत्तीस माणसं, ग्रंथालयाकडे प्रती चार.

"छत्तीस!" काका म्हणाले. "अहो, ही तर फाईल आहे. छापायची नाही, बांधायची नाही. मग रांग कशाला?"

हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतं आणि तो रास्त आहे. ग्रंथालयाला ई-पुस्तकाची मालकी मिळत नाही, परवाना मिळतो. बहुतेक परवान्यांत एक प्रत एका वेळी एकाच वाचकाला देता येते. कित्येक परवाने दोन वर्षांनी संपतात. काही ठरावीक वेळा पुस्तक दिलं गेलं की संपतात. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये २६ वेळांची मर्यादा घातली तेव्हा आमच्या व्यवसायात मोठा गदारोळ झाला होता. हूपलासारख्या अ‍ॅपमध्ये रांग नसते, पण तिथे प्रत्येक वेळी पुस्तक दिलं की ग्रंथालयाला पैसे मोजावे लागतात, म्हणून महिन्याला अमुकच पुस्तकं असा आकडा ठरलेला असतो.

मी कागदावर ठळक मार्करने हिशेब मांडला. छत्तीस माणसं, चार प्रती, म्हणजे प्रत्येक प्रतीमागे नऊ जण. मुदत चौदा दिवसांची. नऊ गुणिले चौदा, एकशे सव्वीस दिवस. चार महिन्यांहून जास्त. काका कागद कडेला धरून, मान वळवून बघत होते.

"आणि सगळ्यांनी दहा दिवसांत परत केलं तर?"

"नव्वद."

"मग करत का नाहीत?"

कारण मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं. दंड नाही, ग्रंथालयापर्यंत हेलपाटा नाही. त्यामुळे वाचून झालेलं पुस्तक आठ-आठ दिवस तसंच पडून राहतं आणि रांगेतल्या माणसाचे तेवढे दिवस वाढतात. परत करायचं बटण आहे, हे कित्येकांच्या गावीही नसतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

उलट बाजूही मी त्यांना दाखवली. नंबर आला आणि हातात दुसरं पुस्तक असेल तर 'नंतर द्या' म्हणता येतं. तेवढे दिवस प्रत मागच्या माणसाकडे जाते आणि आपली जागा रांगेच्या तोंडाशीच राहते. लोक नंबर लावायला कचरतात, सगळी पुस्तकं एकदम आली तर काय करायचं म्हणून. ही सोय कळली की ती भीती राहत नाही.

तेवढ्यात काकांनी पाकिटातून आणखी एक कार्ड काढलं. ते पूर्वी ज्या भागात नोकरीला होते तिथल्या ग्रंथालयाचं, कडा विरलेलं. "हेही घेऊन टाका," म्हणाले. मी थांबले. लिबीत एकापेक्षा जास्त ग्रंथालयांची कार्डं एकत्र जोडता येतात, पण काकांचं दुसरं कार्ड असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. त्या ग्रंथालयाला फोन लावला. कार्ड चालू होतं, फक्त पिन नवा घ्यावा लागला. ते जोडलं आणि तीच कादंबरी तिथे शोधली. ई-बुकला तिथेही रांग होती. पण ऑडिओबुकची एक प्रत मोकळी दिसली. रांगेबाहेर ठेवलेली प्रत, आधी येईल त्याची. मुदत सातच दिवस, वाढवून मिळत नाही.

"ऐकायचं?" काकांचा चेहरा उतरला. "ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे, ताई. कुणीतरी दुसराच वाचतो."

मी वाद घातला नाही. प्रत घेतली, हेडफोन दिले, झोपेचा टायमर आणि वेग कुठे आहे ते दाखवलं. मधल्या बटणाच्या दोन्ही बाजूंना पंधरा सेकंद मागे आणि पुढे जायची बटणं आहेत. त्यांचा अंगठा मागच्या बटणावर नेऊन ठेवला, म्हणजे जागा न बघता सापडेल.

काका ऐकू लागले. मिनिटभर काही नाही. मग अंगठा दाबला गेला. पंधरा सेकंद मागे. ऐकलं. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा दाबल्यावर उजव्या हाताची तर्जनी हवेत उठली आणि तिने टेबलावर एक बारीकशी आकडी काढली. प्रुफावर खूण करतात तशी.

"स्वल्पविराम," ते मोठ्याने म्हणाले. कानात आवाज होता, त्यामुळे सगळ्या दालनाला ऐकू गेलं. "स्वल्पविराम ऐकू येतो हो!"

मग त्यांनीच वेग थोडा कमी करायला सांगितला. लोक बहुधा वाढवून मागतात. ०.९ वर ठेवला. चौदा तासांचं पुस्तक त्या वेगाने साडेपंधरा तासांचं होतं, सात दिवसांत रोज सव्वादोन तास. "जमेल," म्हणाले. टेबलावरची दोन्ही कार्डं चाचपून उचलली आणि पाकिटात घातली.

त्या दिवसापासून मी कुणालाही नंबर लावायला शिकवते तेव्हा आधी सूचना सुरू आहेत का ते बघते आणि तीन दिवसांची गोष्ट त्यांच्याकडूनच वदवून घेते. त्याशिवाय टॅबलेट हातात परत देत नाही.

पाचव्या दिवशी काका पुन्हा आले. पुस्तक संपलं होतं. परत करायचं बटण कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं, पण आधी मला काही दाखवायचं होतं. अकराव्या प्रकरणात त्यांनी अ‍ॅपमधली खूण लावून ठेवली होती.

"इथे वाचणाऱ्याने एक वाक्य दोनदा वाचलंय. कुणी काढलं नाही. कळवायचं कुणाला?"

मी ऐकलं. खरंच दोनदा होतं. अ‍ॅपच्या मदत विभागातून आम्ही दोघांनी मिळून तक्रार लिहिली, प्रकरण आणि मिनिट-सेकंदांसकट. मग त्यांनी पुस्तक परत केलं. मी विचारलं, आता ई-बुकच्या रांगेतला नंबर काढून टाकू का?

"छे, राहू द्या," ते म्हणाले. "मूळ पुस्तकात ते वाक्य एकदाच आहे ना, ते बघायचंय."