मोन्झॉन विरुद्ध हॅगलर: जजांची गाठ सुटली, जॅबची अडली

मोन्झॉन आणि हॅगलर हे वेगवेगळ्या काळातले मिडलवेट बॉक्सिंगचे जगज्जेते, आणि इथे शीटमध्ये फासे टाकून त्यांची काल्पनिक लढत लावतोय. अखेर तिन्ही स्कोअरकार्डं माणसांनी भरल्यासारखी दिसायला लागली. मागच्या नोंदीत रडगाणं होतंच: १९७२ चा मोन्झॉन आणि १९८३ चा हॅगलर १५ फेऱ्या व्यवस्थित खेळतात, पण तिन्ही जज जुळ्या भावंडांसारखे एकच आकडे देतात. एकाचं ८-७ आलं की बाकी दोघांचंही ८-७. विभागलेला निकाल (दोन जज एकीकडे, तिसरा दुसरीकडे) असल्या मॉडेलमधून निघणार कुठून? आणि या जोडीत सगळा खेळ कार्डांवरच यायचा आहे. दोघांच्याही नावावर तीनच पराभव, सगळे गुणांवर. दोघांपैकी कुणालाच कधी वेळेआधी थांबवता आलेलं नाही. व्हाल्डेसने १९७७ ला दुसऱ्या फेरीत मोन्झॉनला पाडलं, रोल्दानने १९८४ ला पहिल्याच फेरीत हॅगलरला (तो नॉकडाऊन होता की घसरण, हा वाद चालू द्या), तरी दोन्ही लढती पडलेल्यानेच जिंकल्या. म्हणून नॉकडाऊनची शक्यता पहिल्या तीन फेऱ्यांत थोडी जास्त आणि पुढे नाममात्र ठेवली आहे.

गाठ सुटली ती जुन्या कार्डांच्या साध्या वजाबाकीतून. हॅगलर–दुरान, नोव्हेंबर १९८३: १४४-१४२, १४४-१४३, १४६-१४५. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, बरोबरीत दोघांना १०. नॉकडाऊन नाही, म्हणजे १५० मधून गेलेला प्रत्येक गुण ही एक हरलेली फेरी. पहिल्या कार्डावर ६ आणि ८ मिळून १४ फेऱ्यांचा निकाल लागला, १ बरोबरीत. दुसऱ्यावर २ बरोबरीत. तिसऱ्यावर ४ आणि ५, म्हणजे तब्बल ६ फेऱ्या १०-१०! आजच्या सवयीने प्रत्येक फेरी कुणाला तरी द्यायचीच, हा नियम त्या काळाला लावला की मॉडेल तिथेच खोटं ठरतं.

दुसरा धागा हॅगलर–लेनर्ड १९८७ चा. ११५-११३ दोन्हीकडे एकेक, आणि तिसरं कार्ड लेनर्डला ११८-११०. इथे बरोबरीची एकही फेरी नाही. एकाने १०-२ दिली, उरलेल्या दोघांनी ७-५ आणि ५-७. नाणं उडवून १२ पैकी १० किंवा जास्त फेऱ्या एका ठरावीक माणसाकडे जाण्याची शक्यता १.९ टक्के. तिघेही एकच लढत बघतायत म्हटल्यावर एवढी फाटाफूट फेरीगणिक गोंधळाने होत नाही. जजची आवड घंटा वाजण्याआधीच ठरलेली असते. कुणाला पुढे येणारा आवडतो, कुणाला लांबून टिपणारा.

म्हणून आता मांडणी अशी. प्रत्येक फेरीचा आकडा म्हणजे मूळ फरक (अधिक असेल तर मोन्झॉनकडे), तिन्ही जजांना समान असा फेरीचा चढउतार (प्रमाण विचलन १), जजचा त्या फेरीपुरता चढउतार (०.५) आणि जजचा कल (०.४), जो लढतीत एकदाच काढायचा. कल प्रत्येक फेरीत नव्याने काढला की तो १५ फेऱ्यांत आपोआप पुसला जातो, आणि पुन्हा जुळी भावंडं. बेरीज शून्याच्या दोन्ही बाजूंच्या उंबरठ्याच्या आत पडली तर १०-१०. उंबरठा जजागणिक वेगळा: ०.१, ०.२ आणि ०.६ दिले की १५ फेऱ्यांत बरोबरीच्या सरासरी साधारण १, २ आणि ६ फेऱ्या पडतात. दुरानची कार्डं समोर ठेवून हे बघताना भारी वाटतं! लेनर्डवालं १०-२ सुद्धा, जजचा कल एका विचलनाएवढा धरला तर, १.९ वरून साडेतेरा टक्क्यांच्या आसपास चढतं.

शीटबद्दल थोडं. ब्राउझरमधली शीट या कामाला घेऊ नका, एक अक्षर बदललं की सगळे फासे (यादृच्छिक आकडे) पुन्हा पडतात. लिबरऑफिस कॅल्कमध्ये रँड.एनव्ही (RAND.NV) हा फासा आहे, तो आपणहून हलत नाही. एका ओळीत एक लढत, ३ जज × १५ फेऱ्या असे ४५ रकाने, आणि कलाचे तीन रकाने अगदी डावीकडे गोठवून.

लढत १५ ऐवजी १२ फेऱ्यांची करा, ही वाचकांची मागणी पुन्हा आली आहे. नको. फेरीमागे ५५ टक्के वरचढ असलेला (बरोबरीच्या फेऱ्या सोडून) १५ फेऱ्यांत ६५ टक्के वेळा जिंकतो. १२ मध्ये ५३, आणि २१ टक्के लढती बरोबरीत सुटतात. शिवाय दोघांच्याही ऐन काळात किताबाची लढत १५ चीच होती.

आता अडलेलं. मोन्झॉनच्या जॅबचं (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) वजन, म्हणजे मूळ फरकातला वाटा, ग्रिफिथ, ब्रिस्को आणि व्हाल्डेस यांच्याशी झालेल्या लढतींवरून काढलं होतं, आणि तिघेही उजव्या ठेवणीचे (डावा हात-पाय पुढे). हॅगलर मात्र डावखुरा. डावखुऱ्यासमोर पुढचे हात एकमेकांत अडकतात, जॅबची वाट बंद होते, आणि ज्याचं पुढचं पाऊल बाहेरच्या बाजूला त्याचा मागचा सरळ ठोसा आत जातो. ७६ विरुद्ध ७५ इंच रीचवर (हातांच्या पल्ल्यावर) भांडणाऱ्यांनी हे जरा बघावं. १ इंचाने इथे काही होत नाही. जॅबचं वजन निम्मं करून उरलेलं मोन्झॉनच्या सरळ उजव्याला द्यायचं ठरलं होतं, पण मग हॅगलरचा स्वतःचा उजवा जॅब फुकट मोकळा सुटतो.

लिहिता लिहिताच सुचतंय: वजनं वाटत बसण्यापेक्षा पावलाचाच रकाना करावा. दर फेरीला एक फासा, बाहेरचं पाऊल ज्याचं त्याला ०.२५. आणि हॅगलर उजव्या ठेवणीत उभा राहिला तर त्या फेरीपुरता हा रकाना शून्य आणि मोन्झॉनचा जॅब पूर्ण वजनाने परत. लेनर्डसमोर त्याने तशीच सुरुवात केली आणि पहिल्या फेऱ्या घालवल्या. पहिल्या तीन फेऱ्यांसाठी ही शक्यता २० टक्के धरतो.

ब्रिस्कोवरून दोघांना मोजू नका. १९६७ ला मोन्झॉनशी बरोबरी, १९७२ ला १५ फेऱ्या गुणांवर, त्यातही नवव्या फेरीत त्याने मोन्झॉनला डगमगवलं. हॅगलरला १९७८ ला भेटला तो ३४ वर्षांचा ब्रिस्को होता. वयाचा हिशेब न धरता हा धागा लावला की हॅगलर उगाच फुगतो.

ठिकाण सानरेमो: हॅगलर तिथे १९८२ ला ओबेलमेहियासशी लढला होता, आणि मोन्झॉनने किताब इटलीतच, रोममध्ये बेन्वेनुतीकडून घेतला. घरचं मैदान कुणाचंच नाही. तूर्त कौल मोन्झॉन, विभागलेल्या निकालाने: १४४-१४२, १४३-१४२ आणि हॅगलरकडे १४६-१४४. पावलाचा रकाना बसला की यातलं मधलं कार्ड उलटू शकतं. त्यानंतर जखमेचा रकाना: ब्रिस्को आणि हर्न्स दोघांसमोर हॅगलरचा चेहरा फाटला होता, आणि मोन्झॉनचा सरळ उजवा नेमका तिथेच बसतो. डॉक्टरने थांबवायची शक्यता आठव्या फेरीपासून सुरू करावी की पहिल्यापासून, यावर मतं द्या.