भरीत पार्टी आणि आमचं माजी विद्यार्थी मंडळ

दिवाळी आटोपली, थोडी थंडी पडली की ग्रुपवर कोणीतरी टाकतंच, "काय भो, वांगी आली का बाजारात?" बस, मंडळाचं स्नेहसंमेलन जाहीर झालं असं समजायचं. तारीख कमिटी ठरवत नाही, वांगी ठरवतात.

आता मंडळ कोणत्या विद्यापीठाचं, हा प्रश्न जरा अवघडच आहे. 1990 साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, त्याआधी खान्देशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे आमचे सीनियर नाना शिकले अमळनेरच्या प्रताप कॉलेजात पण पदवी पुण्याची, आणि दरवर्षी एकदा तरी "आम्ही पुणेकर बरं का" हे ऐकवल्याशिवाय ते ताटावर बसत नाहीत. आमच्या बॅचला उमवि, आणि 2018 साली विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं तेव्हा पुढची पोरं आली कबचौउमविची, म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची. एका पंगतीत तीन नावांच्या डिग्र्या! मग मंडळाच्या टी-शर्टवर काय छापायचं यावर इतका वाद झाला की टी-शर्टच रद्द झाले, आणि बरंच झालं, भरिताचे डाग कशाला हवेत.

सुरुवातीला हे सगळं बांभोरीला गिरणाकाठी टेकडीवर कॅम्पसमध्ये भेटून चहा-पोहे खाण्यापुरतं होतं. मग एक वर्ष कोणाच्या तरी डोक्यात आलं की एसी हॉल घेऊ, बुफे ठेवू, प्रोजेक्टरवर जुने फोटो दाखवू. झालं तेही, पण लोक प्लेट घेऊन भिंतीला टेकून मोबाईल बघत बसले. पुढच्या वर्षी एका मित्राच्या मळ्यात गेलो ते आजतागायत मळ्यातच.

तिथं खरी मजा. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात तेल लावलेली मोठी हिरवट-पांढरी वांगी, साल काळं पडून फुटायला लागलं की बाहेर काढायची, हात पोळत सोलायची, आणि मग लाकडी बडगीत, म्हणजे खोलगट भांड्यात, हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर ठेचायची. वरून शेंगदाणे, कांद्याची पात, तेलाची फोडणी. सोबत पुऱ्या, नाहीतर कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. वांगी असोद्याची चांगली की बामणोदची यावर दरवर्षी भांडण होतं, बामणोदकडून यावलवाले नि असोद्याकडून जळगाववाले, आणि असोदा बहिणाबाईंचं माहेर आहे म्हणून ती बाजू जास्त जड असं आमचे मराठीचे सर अगदी गंभीर चेहऱ्याने सांगतात. (मला विचाराल तर बामणोद. पण हे तिथं बोलायची सोय नाही.)

आणखी एक गोष्ट बदलली. आधी पुऱ्या तळायला आपोआप बायकांनाच बसवायचे. एका वर्षी नाशिकहून आलेल्या आमच्या एका वर्गमैत्रिणीने लाटणं सरळ खजिनदाराच्या हातात दिलं, म्हणाली, "मी पण माजी विद्यार्थिनीच आहे, वर्गणी भरून आलीय." तेव्हापासून पुऱ्या पुरुषमंडळींकडे. गोल होत नाहीत, फुगतही नाहीत, पण संपतात.

यंदा नंदुरबारवाले मागे लागलेत, आमच्याकडे या म्हणून, त्यांचा वेगळा जिल्हा 1998 पासून आहे पण संमेलन तिकडे कधी झालंच नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. येऊ की. वांगी मात्र आम्ही सोबत आणू, त्यावर चर्चा नको.