तुम्ही विचारलंत म्हणून: फॉन्ट खुला का ठेवला?

अक्षररचनेच्या कार्यशाळेत बोलायला गेले की एक प्रश्न ठरलेला असतो, आणि तो विद्यार्थ्यांपेक्षा त्यांच्या पालकांकडून अधिक येतो: दोन-तीन वर्षे खपून केलेला देवनागरी फॉन्ट तुम्ही कोणालाही उतरवून घेता येईल असा इंटरनेटवर ठेवता, मग तुमच्या हाती काय राहते? हा प्रश्न मुंबईत विचारला जावा हे मला साहजिक वाटते, कारण देवनागरी अक्षरांचा व्यापार या शहराने दीडशे वर्षे पाहिला आहे.

अमेरिकन मिशनच्या छापखान्यात उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनी 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी घडवलेल्या वळणाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, काळबादेवीच्या कोलभाट गल्लीतून दूरदूरच्या छापखान्यांकडे जाऊ लागले. त्या व्यवहारात गिऱ्हाईक विकत घेई ते धातूचे खिळे. ते झिजत, तुटत, पुन्हा मागवावे लागत, आणि अक्षर घडवणाऱ्याची मजुरी त्यातूनच सुटत असे. संगणकातल्या फाइलीला झीज नाही. एखाद्या डीटीपीवाल्याच्या पेनड्राइव्हवर ती एकदा चढली की गिरगावातून कुर्ल्याच्या फ्लेक्सवाल्यांपर्यंत पोहोचायला फार दिवस लागत नाहीत, आणि तिच्यावर पहारा बसवण्याचे जे उपाय आहेत त्यांचा जाच पैसे मोजणाऱ्यालाच अधिक होतो. तरीही केवळ नाइलाज म्हणून मी फॉन्ट खुला केलेला नाही.

ज्यांनी नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बराच काळ संगणकावर मराठी मजकूर जुळवला, त्यांना माझे कारण लवकर पटते. त्या वेळच्या फॉन्टांमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली असत आणि प्रत्येक कंपनीची बसवण्याची रीत निराळी असे. एका फॉन्टात लिहिलेला लेख दुसऱ्यात उघडला की कंस, टक्केचिन्हे आणि रोमन अक्षरे यांचा पसारा समोर येई. शोधून काही सापडत नसे, आणि मूळ फॉन्टच जवळ नसेल तर स्वतःचाच लेख स्वतःला वाचता येत नसे. प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना सर्वत्र एकच क्रमांक ठरवून देणाऱ्या युनिकोड या मानकाने देवनागरीला 1991 मध्येच स्वतंत्र क्रमांक दिले होते. परंतु त्या क्रमांकांवरून जोडाक्षरे घडवणारी यंत्रणा सामान्य माणसाच्या संगणकात यायला विंडोज 2000 उजाडावे लागले. तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट आयआयटी मुंबईत अध्यापन केलेल्या र. कृ. जोशी यांनी घडवला होता. मंगलचे उपकार मोठे आहेत. पण पुढे कित्येक वर्षे निविदा, लग्नपत्रिका आणि श्रद्धांजली या तिघींचा चेहरा पडद्यावर एकच राहिला. छापखाने आणि प्रकाशक जुन्या फॉन्टांना चिकटून राहिले ते आळसामुळे, असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ते अन्यायाचे वाटते, कारण युनिकोडमध्ये त्यांना निवडायला फारसे काही नव्हतेच. या कोंडीतून वाट निघाली ती मोठ्या प्रमाणावर खुल्या फॉन्टांमुळे: गूगल फॉन्ट्स ही सेवा 2010 मध्ये सुरू झाली, आणि नंतर मुंबईच्याच ‘एक टाइप’ या समूहाचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ तिथे कोणालाही विनामूल्य मिळू लागले. अशा प्रत्येक नव्या युनिकोड फॉन्टामुळे थोडा का होईना मराठी मजकूर शोधता येण्याजोगा होतो, आणि मला तेच हवे होते.

खुलेपणाचा आणखी एक लाभ खास मराठीचा आहे. संगणकात आयत्या मिळणाऱ्या अनेक फॉन्टांमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे असतात. राज्य शासनाने 2022 च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श या मराठी वळणांचा आग्रह धरला असला, तरी बंद फॉन्टाच्या मालकाला विनंतीपत्र पाठवण्यापलीकडे आपल्याला काही करता येत नाही. खुल्या फॉन्टात दोन्ही वळणे ठेवून, मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवलेली असेल तेव्हा मराठी वळण दाखवण्याची सोय कोणीही जाणकार करू शकतो. माझ्या फॉन्टात वैदिक स्वरचिन्हे, म्हणजे वेदमंत्रांतल्या स्वरांचे चढउतार दाखवणाऱ्या खुणा, आहेत, त्या मी आखलेल्या नाहीत. मंत्रांचे पुस्तक जुळवणाऱ्या एका संस्कृतच्या शिक्षिकेने ती स्वतःच्या गरजेसाठी आखली आणि मला पाठवली. मी एकटीने ती कधी केली नसती, कारण साध्या मराठी-हिंदीसाठीच सातशे-आठशे आकृत्या आखाव्या लागतात आणि त्यानंतर माणसाला उत्साह उरत नाही.

खुले म्हणजे बेवारस, असा मात्र बऱ्याच जणांचा समज आहे. माझा फॉन्ट ‘एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स’ या खुल्या फॉन्टांसाठीच्या परवान्याखाली आहे. त्याची सध्याची 1.1 ही आवृत्ती 2007 ची आहे. तो फॉन्ट वापरून पुस्तक छापावे, चित्रपटाची नामावली करावी, अक्षरे बदलून नवा फॉन्ट करावा, या सगळ्याला मुभा आहे. परंतु फॉन्ट सुटा विकता येत नाही, मूळ कर्त्याची हक्कनोंद काढता येत नाही, बदललेला फॉन्ट त्याच परवान्याखाली ठेवावा लागतो, आणि कर्त्याने नाव राखून ठेवले असेल तर त्या नावाने तो वाटता येत नाही. या अटी घालता येतात त्या कायद्याने कर्त्याला हक्क दिलेला आहे म्हणूनच. एका विक्रेत्याने माझा फॉन्ट नाव बदलून, परवान्याची फाइल काढून टाकून, लग्नपत्रिकांच्या संचात विकायला ठेवला होता. परवान्यातली कलमे लिहून पाठवल्यावर त्याने तो मुकाट्याने विक्रीतून काढून घेतला. पैसे बुडाल्याचे मला दुःख नव्हते, पण स्वरचिन्हे आखणाऱ्या बाईंचेही नाव त्या फाइलीबरोबर गेले होते आणि त्याचा मला संताप आला.

राहता राहिला पोटापाण्याचा प्रश्न. अनेक खुल्या फॉन्टांमागे एखादी मोठी कंपनी असते. ती कामाचे पैसे एकदाच देते, कारण त्या लिपीत मजकूर वाढला की तिचाही धंदा वाढतो. यात परोपकार शोधू नये आणि कारस्थानही शोधू नये. माझे घर चालते ते मासिकांची शीर्षके, चित्रपटांची नावे आणि दुकानांच्या पाट्या रेखून, आणि ती कामे मी कोणालाही खुली करत नाही. जे सहकारी आपले फॉन्ट विकतात त्यांनी ते जरूर विकावेत. त्यांचे फॉन्ट चोरून वापरणाऱ्याने माझ्या परवान्याचा दाखला देऊ नये. ‘तुम्ही तर सगळे फुकटच देता, आमचे बोधचिन्हही करून द्या, प्रसिद्धी मिळेल’ असे म्हणणाऱ्यांना मी दरपत्रक पाठवते, आणि ते ज्या फॉन्टात आहे तो हवा असल्यास अवश्य उतरवून घ्यावा असे खाली लिहिते.